वाचकांचे प्रश्न : ताट आणि तापमान

प्रश्न : पुढारी २०७० सालाच्या गोष्टी करतात, मग आम्ही घरी मटण कमी करून काय साधणार?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भारताने २०२१ मध्ये ग्लासगो येथील हवामान परिषदेत २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे हवेत जेवढे तापमान वाढवणारे वायू सोडू तेवढेच शोषले जातील असे, उद्दिष्ट जाहीर केले, त्याचा जाब लोकप्रतिनिधींना विचारायलाच हवा, पण म्हणून ताट गौण ठरत नाही. शेळ्यामेंढ्यांच्या रवंथातून बाहेर पडणारा मिथेन, शंभर वर्षांच्या हिशेबाने, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक तापमानवाढ करतो. आपल्याकडे तर पर्याय घरातच आहे : मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी रब्बीत जमिनीतल्या ओलीवर पिकते, आणि तिची कडक भाकरी आमटीत चुरून, वर शेंगाचटणी नि कच्चे तेल घेतले की मटणाची आठवणही होत नाही, असे मला मनापासून वाटते. प्रथिनांसाठी डाळ मात्र रोज हवी.