जुना वॉलपेपर काढताना खळीकडे लक्ष द्या

वॉलपेपर कोरडाच ओरबाडण्याची घाई करू नका. वरचा प्लास्टिकचा थर कोपऱ्यापासून सावकाश ओढल्यास बहुधा सुटतो. मागे राहिलेल्या कागदावर मात्र भांड्याच्या साबणाचे थेंब घातलेले कोमट पाणी स्पंजने लावून 10 ते 15 मिनिटे थांबावे लागते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा 40 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा पंखा बंद ठेवून एका वेळी हातभर पट्टाच भिजवणे बरे, नाही तर खालपर्यंत पोहोचेतो वरचे पाणी वाळलेले असते. बटणांजवळ काम करताना मेन स्विच बंदच हवा.

खरा प्रश्न खळीचा, म्हणजे कागद भिंतीला चिकटवणाऱ्या चिकीचा आहे. कागद निघाला की भिंत स्वच्छ दिसते, पण ओला हात फिरवल्यावर ती बुळबुळीत लागली तर खळ शिल्लक आहे असे समजा. तिच्यावर रंग दिल्यास पुढे भेगा पडून पोपडे सुटतात, म्हणून पाणी बदलत भिंत पुन्हा पुन्हा पुसा. ती पूर्ण वाळल्यावरच खड्डे पुट्टीने भरा, 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, धूळ पुसून प्रायमर द्या. कागदाखाली ओलीचे डाग आढळले, तर गळतीचा बंदोबस्त झाल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये, असा माझा आग्रह आहे.