सुट्टीच्या दिवशी कॅम्पग्राउंड सोडून जा

प्रिय मुली,

युटातल्या कॅपिटॉल रीफ राष्ट्रीय उद्यानात, फ्रूटाच्या कॅम्पग्राउंडवर (तंबू-ट्रेलर लावायच्या तळावर) तुम्हा दोघांचं स्वयंसेवक होस्टचं काम पक्कं झाल्याचं तुझ्या आईकडून कळलं. पहिल्याच सीझनला कॅपिटॉल रीफ मिळणं हे नशीबच म्हणायचं. कामाबद्दल मी फार लिहीत नाही. शेकोटीच्या फायर रिंगमधली राख काढणं, साइटवरच्या पावत्या तपासणं, रात्री दहानंतर गिटार वाजवणाऱ्याला गोड बोलून गप्प करणं, हे सगळं आठवडाभरात अंगवळणी पडतं. मला लिहायचंय ते तुमच्या सुट्टीच्या दिवसांबद्दल. त्याचं ट्रेनिंग कुणी देत नाही, आणि सीझन संपता संपता बरेच होस्ट वैतागलेले दिसतात ते कामामुळे नव्हे, वाया गेलेल्या सुट्ट्यांमुळे.

निघायच्या आधीच स्वयंसेवकांच्या कोऑर्डिनेटरला सुट्टीचे वार विचारून घे आणि उत्तर ईमेलवर असू दे. दोन दिवस सलग माग. मध्ये कामाचा दिवस घालून तुटक सुट्टी देऊ लागले तर स्पष्ट नाही म्हण, त्यात संकोच कसला? तुमच्या दोघांची सुट्टी एकाच दिवशी आहे ना, तेही विचार. जोडप्याला साइट एक मिळते म्हणून सुट्टीही एकत्रच मिळेल असं धरून चालू नकोस.

शुक्रवार ते रविवार मात्र विसरा. ते गर्दीचे दिवस, तुमची खरी गरज तेव्हाच. पदरात पडतील ते मंगळवार-बुधवारसारखे मधले वार, आणि फिरण्यासाठी तेच उत्तम. लोअर काफ क्रीकचा धबधबा १२६ फुटांचा, जाऊन-येऊन सहा मैलांची चाल, पण पार्किंग एवढंसं. शनिवारी तिथे गाडी लावायला जागा मिळेल या आशेवर निघू नये. मंगळवारी सकाळी आरामात मिळते.

आता मुख्य मुद्दा. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर कॅम्पग्राउंडच्या बाहेर पडा. तुम्ही राहता त्या ट्रेलरसमोर होस्टची पाटी असते, आणि तिच्याखाली 'आज सुट्टी' असं कितीही मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी ते कुणी वाचत नाही. तुम्ही खुर्ची टाकून चहा घेत बसलात की कुणीतरी सरपण विचारायला येणार, कुणी शेजाऱ्याच्या कुत्र्याची तक्रार घेऊन येणार. होस्टचं जॅकेट आत ठेवलं म्हणून चेहरा थोडाच लपतो! माणसं वाईट नसतात गं, पण दुपारपर्यंत तुमची सुट्टी तुमची राहत नाही. ज्यांना ट्रेलरमध्ये लोळतच सुट्टी काढायची असते त्यांनी होस्ट होऊ नये, असं माझं मत आहे.

बाहेर पडायचं म्हणजे लांब जायचं असं मात्र नाही. युटाचा नकाशा उघडला की हात शिवशिवतात: पाच राष्ट्रीय उद्यानं, मग पाचही उरकूया. फ्रूटाहून झायनला जायलाच साडेतीन-चार तास लागतात. तेवढेच परतीचे धरले तर झायनमध्ये पाहणार काय, शटल बस? झायन आणि आर्चेस सीझन संपल्यावर, ट्रेलर घेऊन निघाल तेव्हासाठी ठेवा. ब्राइस एखाद्या सुट्टीत जमेल, अडीचेक तासांचा रस्ता आहे, आणि तो हायवे १२ हेच अर्धं पर्यटन. टोरी ते बोल्डर या गावांमधला त्याचा तुकडा १९८५ मध्ये डांबरी झाला. रस्ता ९,६०० फुटांवर चढतो, तिथून तुमची वॉटरपॉकेट फोल्ड, म्हणजे खडकांची ती लांबलचक घडी, खाली पसरलेली दिसते.

माझ्या मते पहिली मोठी भटकंती त्या फोल्डभोवतीच करावी. हायवे २४ वरून नोटम-बुलफ्रॉग रस्त्याने दक्षिणेला जायचं, बर ट्रेलची नागमोडी वळणं चढून लाँग कॅन्यनमधून बोल्डरला निघायचं आणि हायवे १२ ने परत. सव्वाशे मैलांच्या आसपास, पण अख्खा दिवस द्या. पृथ्वीच्या कवचाला पडलेली जवळजवळ शंभर मैलांची ही घडी, आणि तुमचं कॅम्पग्राउंड तिच्या एका फटीत, नदीकाठी. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की "इथे बघण्यासारखं काय आहे?" या रोजच्या प्रश्नाला तुझं उत्तर माहितीपत्रकातलं राहत नाही. (ज्याच्या नावाने हा बर ट्रेल आहे तो गुरं राखणारा जॉन अटलांटिक बर. १८४६ मध्ये अटलांटिक महासागरात, जहाजावर जन्मला म्हणून मधलं नाव अटलांटिक. मला हे फार आवडतं.)

त्या वाटेवर बराच भाग कच्चा आहे. तिथली बेंटोनाइटची माती ओली झाली की फोर-व्हीलसुद्धा साबणावर ठेवल्यासारखी घसरते, म्हणून सकाळी व्हिजिटर सेंटरमध्ये रस्त्याची स्थिती विचारूनच निघा. जुलै ते सप्टेंबर वळवाचे दिवस. सह्याद्रीत ट्रेक केलेली आपली माणसं पाण्याला घाबरतात ती आभाळ भरून आल्यावर. इथे तुमच्या डोक्यावर निळं आकाश असतं, पाऊस कित्येक मैल वर कुठेतरी पडलेला असतो आणि कोरड्या वॉशमध्ये, म्हणजे एरवी सुक्या असलेल्या ओढ्यात, लोंढा येतो. अंदाजात वादळ असेल त्या दिवशी ग्रँड वॉशमध्ये किंवा कुठल्याच अरुंद घळीत शिरायचं नाही. कुठल्या रस्त्याने चाललात ते एखाद्या रेंजरच्या कानावर घालून जा, कारण फोनला रेंज जवळजवळ नसतेच.

दुसरा दिवस बहुतेक वेळा धुणं आणि वाणसामान खाणार, हे आत्ताच मान्य करून टाक. टोरी अकरा मैलांवर, पण मोठ्या दुकानासाठी रिचफिल्डपर्यंत जावं लागतं. त्या खेपेनंतर उरलेली दुपार एकेकट्याने घालवा. एवढ्याशा ट्रेलरमध्ये चोवीस तास नवरा-बायको! तुझे काका नदीकाठी पुस्तक घेऊन बसायचे, मी हायवे २४ वरच्या फ्रीमाँट या प्राचीन मूळनिवासी लोकांच्या कातळचित्रांपाशी तासभर एकटी उभी राहायचे. संध्याकाळी बोलायला काहीतरी असायचं.

आणि फ्रूटा गाव पाहायला विसरू नकोस. १८८० च्या दशकात मॉर्मन पंथाचे वसाहतकरी इथे आले, फ्रूटात दहाएक कुटुंबांपेक्षा जास्त वस्ती कधी झाली नाही, पण त्यांच्या बागा पार्कने जपल्यात. जूनच्या सुमारास चेरी, मग जर्दाळू, पीच, पेअर, शरदात सफरचंद. मोहोरावर उशिराची थंडी पडली तर ते वर्ष कोरडं जातं. तोडणी सुरू असलेल्या बागेत बसून खायला पैसे पडत नाहीत, बाहेर न्यायची तर वजन करून पेटीत पैसे टाकायचे. गिफर्ड हाउस या जुन्या घरातल्या दुकानात मिळणारे फळांचे 'पाय' (भाजलेला गोड पदार्थ) लवकर संपतात, तिथे सकाळीच जा.

कामाचे तास मात्र दोघांनी वेगवेगळे लिहून ठेवा. एकेकाचे २५० झाले की वर्षभराचा व्हॉलंटियर पास मिळतो, म्हणजे ब्राइस, आर्चेस, झायनची प्रवेश फी वाचते. तो सीझनअखेर हातात असला की त्या लांबच्या जागा तुमच्याच.

सप्टेंबरच्या शेवटी सफरचंदं खायला आम्ही दोघं यायचं म्हणतोय. साइटचं रिझर्वेशन सहा महिने आधी उघडतं, मी मार्चअखेर करून ठेवते. शुक्रवारी येऊ, तुमच्या ड्युटीच्या दिवशी. मंगळवारी-बुधवारी आम्ही तुमच्या दारावर टकटक करणार नाही. दशम्या घेऊन येते.

तुझी,
मावशी