ईस्ट एशियन स्टडीजची पदवी घ्यायला काय लागतं? माझं जपानी एन-फोर (जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी) झालंय, तेवढं पुरेल का?

काही ठिकाणी एन-फोर लागणारच नाही, आणि जिथे लागेल तिथे पुरणार नाही.

बारावी कला चालू आहे असं लिहिलंयस, म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची. तेव्हा 'तू' म्हणते.

मीही पुण्यात संध्याकाळच्या वर्गांना जाऊन एन-थ्री केलं होतं. इतिहासात बी.ए., हातात ते प्रमाणपत्र, आणि अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पूर्व आशियाच्या एम.ए.ला प्रवेश. स्वारी हवेत होती. पहिल्याच आठवड्यात भाषेची चाचणी झाली. कोरा कागद दिला आणि म्हणाले, जपानीत एक पान लिहा. हाताने. आता जेएलपीटीत एन-फाइव्हपासून एन-वनपर्यंत सगळीकडे पर्याय निवडून गोल काळे करायचे असतात. लिहायचं नाही, बोलायचं नाही. समोर आलेली कांजी, म्हणजे जपानीतली चिनी अक्षरं, मी ओळखायची, पण आठवून काढायची म्हटल्यावर हात थांबला. सगळा निबंध हिरागानात, म्हणजे साध्या उच्चारलिपीत लिहिला, जपानी पहिलीतल्या पोरासारखा. मला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात बसवलं, एकोणीस वर्षांच्या मुलांबरोबर.

वर आणखी एक अट निघाली: विषय जपान असला तरी एक वर्ष अभिजात चिनी. मी भांडले. जपान शिकायला आलेय, दोन हजार वर्षांपूर्वीचं चिनी कशाला? बाई म्हणाल्या, जपानातला दरबारी आणि विद्वानांचा केवढा तरी मजकूर शतकानुशतकं चिनीतच लिहिलेला आहे, तो कोण वाचणार? मोडी न येता पेशवे दफ्तरात जाऊन बसण्यासारखं आहे हे, एवढं माझं मलाच कळलं. पण तेव्हा कबूल केलं नाही.

दुसऱ्या सत्रात बाईंनी एक झेरॉक्स हातात ठेवली. विरामचिन्हं नाहीत, परिच्छेद नाही, नुसत्या अक्षरांच्या उभ्या ओळी. ह्युएनत्संगच्या प्रवासवर्णनातला उतारा, सातव्या शतकातला. देशाचं नाव 'मो-हो-ला-छा'. तीनदा मोठ्यानं वाचल्यावर ट्यूब पेटली: महाराष्ट्र! पुढे इथल्या लोकांच्या स्वभावाबद्दल आठ अक्षरं: यौ अन पी पाओ, यौ य्वेन पी फू. त्यातलं 'य्वेन' अडलं. जुन्या पद्धतीच्या शब्दकोशात २१४ मूलाकृती, म्हणजे अक्षरांचे मूळ घटक, असतात. त्यातली आपली ओळखायची आणि उरलेल्या रेघा मोजून अक्षर शोधायचं. इथे खाली 'हृदय' ही मूलाकृती आणि वर पाच रेघा. मी सहा मोजल्या आणि तासभर भलत्याच पानांवर फिरत बसले. सापडलं तेव्हा अर्थ निघाला: वैर. उपकार झाला तर फेडणार म्हणजे फेडणार, वैर धरलं तर उगवणार म्हणजे उगवणार. पुढे तर हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा न करता बायकांचे कपडे देतात, लढाईआधी हत्तींना दारू पाजतात, असलं काय काय. राजा कोण, तर पुलकेशी.

त्या रात्री आतेभावाला, म्हणजे दादाला, फोन केला. तो चाकणला एका जपानी कंपनीत दुभाषा आहे, एन-टू. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "छान. याचे किती देतात?"

हा वाद आमच्या घरी अजून चालू आहे, म्हणून तर तुझा प्रश्न बघून लिहायला बसले. त्याच्या मते ही पदवी म्हणजे भाषेचा क्लास, फक्त महाग. साफ चूक. तो माझ्यापेक्षा सफाईदार जपानी बोलतो, फोनवरचं आदरार्थी बोलणं तर मला आजही त्याच्यासारखं जमत नाही. पण शंभर वर्षांपूर्वीचं जपानी वर्तमानपत्र पुढे टाकलं तर तो शीर्षकापाशीच अडकेल. 'पुण्यात बसून चिनी शिकून कोणाचं भलं झालंय' हे त्याचं ठरलेलं वाक्य. फर्ग्युसनमध्ये पालीचे प्राध्यापक असलेल्या पु. वि. बापटांनी हिराकावा या जपानी विद्वानाबरोबर एका पाली भाष्यग्रंथाच्या जुन्या चिनी रूपाचं इंग्रजी भाषांतर केलं, १९७० साली भांडारकर संस्थेनं ते छापलं. ती संस्था दादाच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

असो. तुझ्या कामाचं. जेएनयूत बारावीनंतर जपानी, चिनी किंवा कोरियनमध्ये बी.ए. ऑनर्स करता येतं. प्रवेश सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेतून, भाषा आधी येत नसली तरी चालतं. दिल्ली विद्यापीठात ईस्ट एशियन स्टडीजचं एम.ए. आहे, पण त्यासाठी आधी पदवी हवी. अमेरिकेत चार वर्षांच्या बी.ए.त बहुतेक ठिकाणी एक भाषा तिसऱ्या वर्षाच्या पातळीपर्यंत, आधुनिक काळाआधीच्या इतिहास-साहित्याचे एकदोन विषय आणि शेवटी एक मोठा निबंध. पीएच.डी.ला बहुधा दुसरी पूर्व आशियाई भाषाही मागतात. अभिजात चिनीची सक्ती सगळीकडे नसते. माझ्या विभागात होती. अटी दरवर्षी बदलतात, तेव्हा विभागाचं चालू वर्षाचं पत्रक वाच, माझ्यावर विसंबू नकोस.

एन-फोर वाया जाणार नाही, पण आजपासून कांजी हाताने लिही. रोज पाच.

आणि हो, नुसती नोकरीच हवी असेल तर एन-टू करून चाकण गाठ, पदवीच्या भानगडीत पडू नकोस. दादानं फ्लॅट घेतलाय, मी भाड्यानं राहते. हे त्यानं खाली प्रतिक्रियेत लिहायच्या आत मीच लिहून टाकते. दादा, वाचतोयस ना? यौ य्वेन पी फू.