जागा बदलू नकोस

प्रिय,

तुझी तक्रार वाचली. तळ्यावर ‘तेच ते कॉमन पक्षी’, मित्रांच्या पाहिलेल्या पक्ष्यांच्या याद्या मात्र लांबत चालल्यात, म्हणून तुला आता पक्षी बघायला उजनीकाठचं भिगवण आणि लगोलग उत्तराखंड गाठायचंय. जरूर जा. पण तळं सोडू नकोस. जागा बदलू नकोस.

‘ढोकरी काय, रोजचीच’ असं लिहिलंस, तिथे मला राग आला. डिसेंबरात हा छोटा बगळा चिखलाच्या रंगाचा असतो. ढोकरी काठावर बसली तर दिसत नाही, उडाली की पंख पांढरेशुभ्र. तीच जूनमध्ये बघ. पाठ गडद किरमिजी, मान पिवळसर, डोक्यामागे लांब पांढरी पिसं. तू डिसेंबरात नावापुढे खूण केलीस आणि विषय संपवलास.

सुगरणीचंही तेच. थंडीत नर-मादी दोघंही चिमणीच्या मादीसारखी दिसतात. पावसाळ्यात नराचं डोकं पिवळंधमक होतं. तो अर्धंच घरटं विणतो, मादी येऊन पारखते, तिला पसंत पडलं तरच पुढचं काम. हे दहा मिनिटांत दिसत नाही रे! चातक पावसाच्या तोंडावर आला की सगळे फोटो काढून घरी जातात. चातक अंडी घालतो सातभाई पक्ष्यांच्या घरट्यात; सप्टेंबरात मागे लागलेल्या चातकाच्या पिल्लाला सातभाई आपलं समजून भरवत असतात, तेव्हा तिथे कुणीच नसतं.

मलाही रुखरुख आहे. माळढोक बघायचा राहिला, आणि आता तो सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही दुर्मिळ झालाय. घरचे विचारतात, इतकी वर्षं एका बंधाऱ्यावर काढून काय मिळवलंस? हे मिळवलं: पिवळा धोबी हा हिवाळी पाहुणा पक्षी परत जाण्याआधी कसा पिवळा होत जातो ते मी दर वर्षी पाहतो. हिवाळाभर गप्प असलेला दयाळ कधी गायला लागतो, ते माझ्या वहीत आहे. पाण्यावर झुकलेली बाभूळ तोडायला माणसं आली, तेव्हा तिच्यावर दर पावसाळ्यात सुगरणीची वसाहत असते हे वही उघडून दाखवणारा मी एकटाच होतो. बाभूळ वाचली. हे यादीवाल्यांना जमलं नसतं, आणि हे मी कुणालाही ठणकावून सांगेन.

म्हणून पुन्हा सांगतो, जागा बदलू नकोस. एक पूर्ण वर्ष तेच तळं, तीच वेळ. महागड्या लेन्सचं त्यानंतर बोलू. तोवर आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. आणि ढोकरीच्या पाठीवर किरमिजी रंग पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला, ते मला कळव.