वाचकांचे प्रश्न : लोहगाव की उजळाईवाडी?

प्रश्न : घरी लग्न आहे. नागपूरचे पाहुणे सांगलीला येणार, त्यांत दोघं सत्तरीच्या पुढचे. विमानाने पुण्याला उतरवावं की कोल्हापूरला? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अंतर बघाल तर कोल्हापूरच. उजळाईवाडी विमानतळ ते सांगली 50 किलोमीटरच्या आसपास, तर पुण्याच्या लोहगावहून 240 च्या घरात. पण कोल्हापूरला विमानं मोजकी, काही मार्गांवर आठवड्यातले ठरावीक वारच. फेरी रद्द झाली तर त्याच दिवशी दुसरी मिळेलच असं नाही. विमानाचा वार आणि हळदीचा दिवस यांत एक दिवस मोकळा राहत असेल तरच कोल्हापूर धरा, नाहीतर पुणे.

पुण्यात वेळ खातो तो लोहगाव ते स्वारगेट एसटी स्टँडचा टप्पा. अंतर बारा-तेरा किलोमीटर, पण संध्याकाळी तासाभरात पोचलात तर नशीब. सामान हलकं असेल तर रिक्षाने रामवाडी मेट्रो स्टेशन गाठायचं, सिव्हिल कोर्टला मेट्रो बदलायची, की थेट स्वारगेट. वयस्कर माणसांना बॅगा घेऊन हे सांगू नका. त्यांच्यासाठी लोहगावहून सांगलीपर्यंत गाडीच ठरवा.

विमान नकोच असेल तर महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. गोंदियाहून निघून नागपूर, पुणे, सातारा करत सांगली-मिरजेवरून कोल्हापूरला जाते. जवळजवळ चोवीस तास जातात, पण मध्ये चढ-उतार नाही. दुखऱ्या गुडघ्यांना आमच्या मते हेच बरं. तिकीट काढताना वय बरोबर टाका, ज्येष्ठांचा लोअर बर्थचा कोटा त्यावरच मिळतो.

प्रश्न : रात्री 9 ला पुण्यात उतरून त्याच रात्री महाबळेश्वर गाठता येईल का? (एक वाचक, वाई)

उत्तर : गाठता येईल, पण गाठू नका. बॅगा हातात येऊन शहराबाहेर पडेपर्यंत साडेदहा-अकरा होतात. पुढे खंबाटकी, आणि सुरूर फाट्यावरून वाईत आलात की पसरणी घाट. पावसाळ्यात तिथं धुकं असं उतरतं की वळणाची कडाही दिसत नाही. रात्री साताऱ्यात किंवा वाईतच मुक्काम करा.

साताऱ्याला यायला स्वारगेटहून विनाथांबा एसटी सोयीची, ती स्टँडवर सोडते. कोल्हापूर-सांगलीकडच्या गाडीत बसलात तर आधी कंडक्टरला विचारा. बऱ्याच गाड्या शहरात न शिरता हायवेवर बॉम्बे रेस्टॉरंट चौकात उतरवतात, अपरात्री तिथून रिक्षा शोधत बसावं लागतं. रेल्वेने येणाऱ्यांनी हे धरून चालावं की सातारा स्टेशन गावात नाही, माहुलीला आहे. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, 75 पुरे केलेल्यांना मोफत. वयाच्या पुराव्याला आधार कार्ड जवळ असू द्या.

प्रश्न : ऑगस्टमध्ये सांगलीहून कोल्हापूरला जाऊन विमान पकडायचं आहे. पुराची भीती किती? (एक वाचक, मिरज)

उत्तर : भीती विमानतळाची नाही, वाटेची. उजळाईवाडी पंचगंगेच्या पलीकडे. सांगलीहून अंकलीला कृष्णा ओलांडायची, मग जयसिंगपूर, हातकणंगले करत शिरोलीला पंचगंगा. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, वाहतूक काही दिवस बंद होती.

सांगलीत कृष्णेवर आयर्विन पूल आहे, तिथली पाण्याची पातळी रोज बघा. 40 फूट इशारा, 45 फूट धोका. पण आकड्यापेक्षा पाणी चढतंय की उतरतंय, याला जास्त किंमत. कोयना धरणातून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की ते पाणी सांगलीत पोचायला वेळ लागतो. आज पूल कोरडा दिसतो म्हणून गाफील राहू नका. 35 च्या पुढे जाऊन चढतंच असेल तर एक दिवस आधी निघून कोल्हापुरात राहा, किंवा तिकीट पुण्याचं करा. पुण्याकडे जातानाही पेठ नाक्याचा रस्ता चालू आहे ना, याची खात्री करून निघा.

प्रश्न : पाहुण्यांना कंदी पेढे आणि घरची चटणी बरोबर द्यायची आहे. विमानात चालेल? (एक वाचक, सातारा)

उत्तर : पेढे हातातल्या बॅगेत खुशाल न्या. चटणी, लोणचं आणि काकवी मात्र चेक-इनच्या बॅगेत, कारण तिखट आणि पातळ पदार्थ सुरक्षा तपासणीत काढून घेतात. काकवीच्या बाटलीचं झाकण लावण्याआधी तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ताणून बसवा आणि बाटली दोन पिशव्यांत बांधा. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातल्याच बॅगेत.