तीन वाजताची जागल

"मॅडम, रात्री तीनला जाग येते. छातीत धडधडतं, मानेला घाम फुटतो आणि मग पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. मला वेड तर लागणार नाही ना?"

मी समुपदेशक आहे. गेल्या दोन वर्षांत हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलंय की समोरची बाई खुर्चीत टेकताना "रात्री..." एवढं म्हणाली, तरी पुढचं मला उमगतं. कुणी शाळेत शिकवणारी, कुणी अंगणवाडीत, कुणी लेकीच्या बाळंतपणाच्या तयारीत. वय साधारण ४४ ते ५२, म्हणजे पाळी जाण्याचा, मेनोपॉजचा काळ. बहुतेकींचा ईसीजी काढून झालेला असतो. तो नॉर्मल आलेला असतो आणि "काही नाहीये, टेन्शन घेऊ नका" असं सांगून त्यांना घरी पाठवलेलं असतं. टेन्शन घेऊ नका म्हटल्यानं कुणाला झोप लागल्याचं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

यातल्या एकीची गोष्ट सांगते. नाव आणि काही तपशील बदलले आहेत, आणि तिच्यासारख्या दोघी-तिघींचे धागेही त्यात मिसळले आहेत. तिला आपण सुनंदाताई म्हणू. वय ४८, साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेबाचं काम, नवरा नुकताच निवृत्त, मुलगा पुण्यात नोकरीला, घरात ८२ वर्षांच्या सासूबाई. पाळी गेल्या दीड वर्षात कधी दोन महिन्यांनी, कधी वीस दिवसांनी. जानेवारीच्या थंडीत ही पंखा लावते आणि नवरा डोक्यावरून रजई ओढून घेतो, यावरून घरात धुसफूस. पण तिचा खरा त्रास तीन वाजताचा होता.

पहिल्या भेटीत मी तिला फक्त शरीराबद्दल सांगितलं. मनाच्या गोष्टी करायच्या आधी शरीराचं म्हणणं ऐकून घ्यावं, हा माझा शिरस्ता आहे. मेंदूत अंगाचं तापमान सांभाळणारा हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन हे हार्मोन खालीवर व्हायला लागलं की तो फार हळवा होतो. एरवी ज्या किरकोळ फरकाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नसतं, तो फरकसुद्धा त्याला उकाडा वाटतो. मग कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम येतो, ठोके वाढतात. ही गरम वाफ (हॉट फ्लश) काही मिनिटांत ओसरते आणि ओल्या अंगावर थंडी वाजते. मनाला शांतवणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, तेही याच काळात उणावत जातं. त्यात उत्तररात्रीची झोप मुळातच पातळ, कारण शरीर पहाटेच्या तयारीला लागलेलं असतं. म्हणून वेळ तीनची.

"म्हणजे धडधड आधी येते, आणि काळजी नंतर?" तिनं विचारलं.

हो. धडधड आधी येते आणि मन अंधारात तिचं कारण शोधत फिरतं. मुलाच्या कंपनीतली कपात, मार्चअखेरचं ऑडिट, न लागलेला फोन, जे हाताला लागेल ते. दिवसा जी काळजी पावशेराची असते, ती रात्री मणाची होते. हे कळल्यावर तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैलावला. "मला वेड लागणार नाही ना" हा प्रश्न तिनं परत कधी विचारला नाही.

तिला मी आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि वाचणाऱ्या प्रत्येकीला हेच सांगेन. थायरॉईड, हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब एवढं तपासून घ्या. थायरॉईड बिघडला तरी असंच धडधडतं, अंगावर जास्त जाऊन रक्त कमी झालं तरीही. घोरणं वाढलं असेल, झोपेत श्वास अडकतोय असं घरचे म्हणत असतील, तर तेही सांगा, पाळी गेल्यावर तो त्रास वाढतो. रात्रीच्या घामासोबत ताप, खोकला, वजन घटणं असेल तर 'मेनोपॉज आहे' म्हणून अंगावर काढू नका. चालताना छातीत दुखलं, दम लागला, तर थेट डॉक्टर. पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं, थेंबभर का असेना, तरी त्याच आठवड्यात दाखवा. मेनोपॉजच्या त्रासावर देतात त्या हार्मोनच्या गोळ्यांविषयी २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभर जी भीती पसरली, ती अजून आपल्याकडे ऐकू येते. कुणाला त्या चालतात आणि कुणाला नाहीत, हे वय आणि आजारांचा इतिहास पाहून डॉक्टर ठरवतात. शेजारणीची झोपेची गोळी मात्र कधीच घेऊ नका.

सुनंदाताईंचं हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यावर औषध सुरू झालं. बाकी ठीक होतं.

मी अमेरिकी मानसतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. १९५५च्या सुमारास त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मला मराठीत जास्तच सोपी वाटते, कारण आपल्याकडे 'च' आहे. "झोप यावी" ही इच्छा झाली. "झोप आलीच पाहिजे" हा हुकूम झाला. झोप हुकमाला भीक घालत नाही, उलट हुकूम सोडला की ती चार पावलं लांब जाते. तिसऱ्या भेटीत आम्ही तिच्या डोक्यातले 'च' शोधले. "सहा तास झालेच पाहिजेत, नाहीतर उद्या आकडे चुकणारच." मी विचारलं, गेल्या वर्षभरात किती वेळा चुकले? तिनं आठवून सांगितलं, दोनदा, आणि दोन्ही दुसऱ्याच दिवशी सापडले. तिला पटलं. वहीत लिहूनही घेतलं.

पण पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, "मॅडम, दिवसा सगळं पटतं. रात्री तीनला तो 'च' सापडतच नाही."

तिचं खरं होतं. रात्री तीनला तर्कशुद्ध वाद घालायला बसणं म्हणजे मेंदूला आणखी जागं करणं. तर्काचं काम दिवसाचं. मग रात्रीसाठी काय? हे मला तेव्हा तिच्याकडूनच मिळायचं होतं.

पाचवी भेट. मी सहज विचारलं, "तीनला उठलात की पहिल्यांदा काय करता?"

"पडून ऐकते."

"काय?"

"घर." तिनं पदर नीट केला. "सासूबाईंच्या खोलीतून काही आवाज येतो का ते. फोन वाजेल का ते. सगळे झोपलेले असतात. मीपण झोपले तर..."

ती थांबली. सुरुवातीच्या वर्षांत अशा ठिकाणी मी घाईनं वाक्य पुरं करायची, काहीतरी समजूतदार बोलायची. त्या दिवशी मी गप्प राहिले. इतक्या वर्षांत शिकलेली ही एक गोष्ट मला माझ्या सगळ्या प्रशिक्षणाहून मोलाची वाटते.

"तर बघणार कोण?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

मग ते बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी सासूबाई रात्री न्हाणीघरात पडल्या होत्या. सुनंदाताई गाढ झोपेत. सकाळी साडेपाचला पाहिलं, तर त्या ओल्या फरशीवर बसलेल्या, उठता येत नव्हतं म्हणून. हाड मोडलं नव्हतं, सासूबाईंनी एका शब्दानं दोष दिला नव्हता. पण त्या दिवसापासून ही बाई रात्रीची गाढ झोपलीच नव्हती. शरीरानं तीनला उठवायला सुरुवात केली, आणि राखणीचं काम तर आधीच अंगावर घेतलेलं होतं.

थोड्या वेळानं डोळे पुसत ती म्हणाली, "आमचे आबा जागलीला जायचे, तसं झालंय माझं."

माण तालुक्यातलं तिचं माहेर. शाळू पोटरीत आला की रानडुकरांपासून राखायला वडील रात्री शेतावर जात. चार खांबांवरचा माळा, त्यावर घोंगडं, हाताशी बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा.

"आबा रात्रभर टक्क जागे असायचे?" मी विचारलं.

"नाही हो! झोपायचे की चांगले. काही खसफसलं की उठायचे, हाळी द्यायचे, डबा वाजवायचे आणि परत पडायचे." बोलता बोलता ती माझ्याकडे बघायला लागली. "झोपायचेच की ते."

"आणि अंधारात काही दिसलं तर?"

"मी एकदा गेले होते सोबत, नऊ-दहा वर्षांची असेन. बांधावर माणूस उभाय म्हणून ओरडले. आबा म्हणाले, बाभळ असेल. रात्री दिसलेलं सकाळी बघायचं."

"सकाळी काय होतं?"

"बाभळ."

आम्ही दोघीही काही क्षण काहीच बोललो नाही. मी जे चार बैठकांत समजावत होते, ते या बाईच्या वडिलांनी तिला माळ्यावर कधीच सांगून ठेवलं होतं. माझी पद्धत काही परकी नाही, ती आपल्या बांधाबांधावर होती, असं मला त्या दिवशी फार मनापासून वाटलं. समोरच्याच्या आयुष्यातलं त्याचं स्वतःचं शहाणपण त्याच्या हाती परत द्यायचं, एवढंच खरं तर आमचं काम. तिला "राखण सोडा" म्हणून उपयोग नव्हता, सासूबाईंचं पडणं खरं होतं. राखण कशी करायची, ते मात्र बदलता येत होतं.

आधी खऱ्या धोक्याची सोय केली. न्हाणीघरात धरायला दांडी, न घसरणारी चटई, वाटेत रात्रभर मिणमिणता दिवा आणि सासूबाईंच्या उशाशी बिनतारी बेल. मग मी नवऱ्याला एका भेटीला बोलावलं. ते मुकाट ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मला कधी सांगितलंच नाही तिनं. एक दिवसाआड बेल माझ्याकडे द्या." सुनंदाताई हसून म्हणाल्या, "माझी पाळी संपत आली आणि आता तुमची सुरू." मला वाटतं, त्या घरात मेनोपॉजबद्दल मोकळेपणानं बोललेलं ते पहिलंच वाक्य असावं.

मग रात्रीचा क्रम. जाग आली की घड्याळ पाहायचं नाही. ते भिंतीकडे तोंड करून ठेवायचं, मोबाईल बाहेरच्या खोलीत. गरम वाफ आली तर वरची चादर बाजूला, दोन घोट पाणी, आणि श्वास सोडताना घेतल्यापेक्षा जास्त वेळ लावायचा. वाफ काही मिनिटांची पाहुणी आहे, तिला येऊन जाऊ द्यायचं. वीसेक मिनिटं झाली असं अंदाजानं वाटलं आणि झोप येईना, तर अंथरुणातून उठायचं. हे बायकांना सगळ्यात जड जातं. "निदान पडून तरी राहते" असं त्या म्हणतात. पण तळमळत पडून राहिलं की अंथरूण आणि तळमळ यांची मनात गाठ बसते, मग अंथरूण पाहूनच धडधड सुरू होते. मंद दिव्यात खुर्चीत बसावं, डोळे जड झाले की परत यावं. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ एकच. दुपारची डुलकी अर्ध्या तासाच्या आत. शेवटचा चहा चारचा, कारण पाच-सहा तासांनीसुद्धा त्यातलं निम्मं कॅफिन अंगात शिल्लक असतं.

हे घरगुती उपाय वाटतील, पण जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी असेच विचार-वर्तनाचे उपाय करावेत, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनंही २०१६ मध्ये सांगितलं आहे. पहिले दोन आठवडे मात्र दिवसा जास्तच पेंगायला होतं. तिथेच बऱ्याच जणी सोडून देतात. सोडू नका. फिट येण्याचा आजार असेल किंवा लांबचं ड्रायव्हिंग करावं लागत असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

आणि वही. संध्याकाळी दिवेलागणीला पंधरा मिनिटं काळज्या लिहायच्या, प्रत्येकीसमोर उद्याचं एक छोटं काम. रात्री काही नवं सुचलं, तर एकच शब्द लिहायचा आणि वही मिटायची. बाकी सकाळी.

त्यातूनही ज्यांना दिवसासुद्धा कशात रस वाटत नाही, जगणं नको वाटतं, त्यांनी मेनोपॉज सरेल म्हणून वाट पाहू नये. या काळात नैराश्याचा धोका वाढतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञ जवळ नसतील तर १४४१६ हा सरकारी टेली-मानस क्रमांक आहे, विनाशुल्क, रात्रीसुद्धा.

सुनंदाताई चार महिन्यांनी शेवटच्या भेटीला आल्या. जाग अजून आठवड्यातून दोन-तीनदा येते, वाफाही येतात. पण बहुतेक वेळा थोड्या वेळात परत डोळा लागतो. एकदा बेल खरंच वाजली होती, सासूबाईंना पाणी हवं होतं, आणि नवरा उठला. "मला सकाळी कळलं," त्या म्हणाल्या. ते सांगताना त्यांच्या आवाजात जे काही होतं, ते मी फार काळ विसरणार नाही.

येताना त्यांनी माहेरचा हुरडा आणला होता. शेतावर आता माळा नाही, भावानं कुंपणाला झटका मशीन बसवलंय, हेही सांगितलं. मग पिशवीतून वही काढून त्यांनी रात्रीची पानं मला दाखवली. पहिल्या महिन्यात शब्द वेगवेगळे होते: ऑडिट, राहुल, साखर, हप्ता. पुढे ते कमी होत गेले. शेवटच्या तीन पानांवर, अंधारात लिहिल्यामुळे वेड्यावाकड्या अक्षरात, एकच शब्द पुन्हा पुन्हा होता.

बाभळ.