ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात सफारी करायची आहे, तयारी कशी करावी?

सुरुवात पिवळ्या तापाच्या लसीपासून करा. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहाव्या दिवसानंतर ग्राह्य धरतात. बरेच जण निघायच्या आठवड्यात लस घेतात आणि केनियाहून भारतात परतताना अडकतात. वैध प्रमाणपत्र नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण होऊ शकतं. म्हणून किमान महिनाभर आधी लस घ्या. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना तेव्हाच विचारा. केनियाची ईटीए (देशात जाण्याची प्रवास परवानगी) ऑनलाइन मिळते.

विल्डबीस्ट (कळपाने फिरणारे हरणांच्या जातीचे मोठे प्राणी) नदी ओलांडताना पाहायचे असतील तर मसाई मारात किमान 3 रात्री ठेवा. कळप काठावर तासन्‌तास थांबून माघारीही फिरतात, एका दिवसाच्या भरवशावर जाऊच नका. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढांना प्रवेशशुल्क दिवसाला 200 डॉलर आहे. पॅकेजमध्ये ते धरलंय का, हे लेखी घ्या. सर्वात जास्त फसगत इथेच होते.

नैरोबीहून रस्त्याने 5-6 तास लागतात. छोट्या विमानाने गेलात तर सामान साधारण 15 किलो, तेही मऊ बॅगेतच. गाडीत प्रत्येकाला खिडकी हवीच, हे बुकिंगच्या वेळीच ठरवा. प्लास्टिकच्या कॅरीबॅग घरीच ठेवा, तिथे बंदी आहे. आणि स्वेटर विसरू नका, पहाटे चांगलंच गारठतं.